तुझ्या गाण्यापायी आजाच्या गळ्यात हार

आधी हे सांग, इथं मी जात्यावर बसून गायले की "अव्वा, बंद कर, अभ्यास व्हईना" म्हणून दार आपटणारी पोरगी तूच ना? मग तिकडं जॉर्जियात परक्या म्हाताऱ्यांच्या तोंडाम्होरं यंत्र धरून त्यांची इसरलेली गाणी कामून गोळा करायलीस?

चि. भुवनेश्वरी, कमठाण्याहून अव्वाचा आशीर्वाद. तब्येत बरी असंल. (असणारच, एवढा गळा काढायला ताकद लागती.) इकडं सगळे खुशाल. तुझा आजा जित्ता हाय. हे मुद्दाम लिहायलेय, कामून ते पुढं कळंल.

तुझ्या बापानं तुझा व्हिडिओ गल्लीभर दाखवला. डाक्टर व्हायला गेलेली पोरगी त्यांच्या देवळात उभी, संगं दोन गोऱ्या पोरी, आन् तिघी तीन चालीत! आपल्या मठात सगळे एकाच चालीत गात्यात. मला वाटलं, ह्यांचं भांडण लागलंय. तर तुझा बाप म्हणतो, तशीच रीत हाय, एकीनं खाली सूर धरून ठेवायचा, दोघींनी वर गायचं. बंद पडत आलं होतं, आता पोरं परत उचलायलीत. मला लई राग आला. त्यांच्या म्हाताऱ्यांना जमतंय, आम्हाला कामून न्हाई? शेजारच्या निलम्मा आन् शिवगंगाला बोलावलं. शिवगंगाला खालचा सूर दिला (तिचा आवाज तसाबी पिठाच्या गिरणीचा). पडवीत आम्ही तिघी बसलो, आन् मधी तुझा आजा, कपाळभर विभूती, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला, तोंड उघडं. आपल्यात मेलेल्याला बसवून भोवती भजन करत्यात, हे तुझ्या जॉर्जियाला काय ठाऊक! शोभाबाईनं दारातनं बघितलं आन् वरडतच गेली. घडीभरात अंगण भरलं. गुरुबसवानं तर येऊन हारच घातला. आजा जागा झाला, हार चाचपला आन् म्हणाला, "सत्कार हाय व्हय? मग च्या कुठाय?" शिवगंगानं तरीबी सूर सोडला न्हाई. खड्डा खांदायला गेलेल्यांना माघारी बोलवावं लागलं. लोक मलाच बोलून गेले, जित्या नवऱ्याचं भजन केलं म्हणून. आता नळावर गेले की बायका विचारत्यात, माती कधी हाय? हे सगळं तुझ्यापायी.

ता. क. मधला आवाज मला जमना. तिघींचं येगळं येगळं गाऊन पाठव, सावकाश.

आणखी ता. क. सुट्टीत येताना ते यंत्र आण. जात्यावरची गाणी माझ्या आईची हायत. निलम्माला निम्मी येत्यात, दुसऱ्या कुणालाच न्हाई. तिकडच्या म्हाताऱ्या आटपल्या की माझ्याम्होरं बसायचं. दार आपटायचं न्हाई.

उत्तर तूच द्यायचं. बापाकडनं निरोप धाडलास तर मी ऐकून घेणार न्हाई.