ऑस्ट्रेलियाचा रोग

८ नोव्हेंबर १९८३
शाळेतल्या शिपायाच्या बायकोच्या ऑपरेशनला रक्त दिलं होतं. आज ब्लड बँकेचा निरोप : तुमचं रक्त चालत नाही. कागदावर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह'. मी वर्ध्याच्या पुढे कधी गेलो नाही!
धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, नाव ऑस्ट्रेलियाचं, पण हा काविळीचाच एक विषाणू. त्यांनी पोट चाचपलं, पुन्हा रक्त काढलं. म्हटलं, कावीळ नाही, भूक लागते, शाळेचे दोन जिने चढतो. तर म्हणाले, "लिव्हर फार सोशिक असतं, सर. ते बोलायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो."

१२ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. लिव्हरला सूज, जुनी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. कुसुमचं आणि पोरांचं रक्त साफ निघालं, जीव भांड्यात पडला.
डॉ.नी विचारलं, आई कशाने गेल्या? पोटात पाणी होऊन, रामटेकला. मी मॅट्रिकला होतो. ते म्हणाले, हे जन्मतानाच आईकडून आलं असावं. भाऊ असेल तर त्याचंही रक्त तपासा, काही दिसत नाही तोवरच. आणि निघालं तर दारू त्याच दिवसापासून बंद.
मी थेंबाला शिवलेलो नाही. वसंता, माझा धाकटा, धान निघालं की दोस्तांत बसतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे, कोणी काही म्हणत नाही.

१५ नोव्हें.
शाळेत बातमी पसरली. लिव्हर म्हटलं की पुढचं लोक आपापलं जोडून घेतात. स्टाफरूममध्ये गणिताचे बोरकर संत्रं सोलत होते. "घेता का सर? का तुमचा संत्रा वेगळा?" देशी दारूच्या दुकानातही संत्राच मिळतो. सगळे हसले. मीपण हसलो, गाढवासारखा.
बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय. दिवसाला एक चहा, तोही बिनसाखरेचा. आज त्या चहाचाच राग आला.

२० नोव्हें., रविवार
रामटेक. वसंता खळ्यावर होता. सगळं सांगितलं.
"ऑस्ट्रेलियाचा रोग आपल्या रामटेकात कुठून येईन, दादा?"
"आईले काय झालं होतं?"
त्याने सूप उचलून धान पाखडायला घेतलं. मग म्हणाला, सुमनचं जमून राहिलं. सुमन त्याची थोरली. भंडाऱ्याचे लोक पुढच्या रविवारी येणार, आणि माझं लिव्हर त्यांच्या कानावर गेलेलं.
"रोग म्हटला त पोरीच्या रक्तात पायतीन. दारू म्हटली त एकट्या माणसाची गोष्ट. दादा, तू पेतो म्हणून सांगून दे."
आई काय पिऊन मेली का रे? ओठांवर आलं होतं, गिळलं. बसमध्ये सगळा रस्ता डोकं भणभणत होतं. माझा सख्खा भाऊ.

२३ नोव्हें.
कुसुमला सांगितलं. भडकली. "काहून खोटं सांगता जी? उद्या माह्या पोरायले दारुड्याचे लेकरं म्हणतीन." खरं आहे तिचं. पण सुमनला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. आणि व.चं पोट आईसारखं फुगलेलं बघायची माझी ताकद नाही.
वसंताला पत्र टाकलं : तू तपासायला रक्त द्यायचं, मी दारुडा व्हायचं.

२७ नोव्हें., रविवार
रामटेकला भंडाऱ्याचे पाहुणे. पोहे, चहा. मुलाच्या काकांनी हळूच विषय काढला. मी मान खाली घातली. "हो जी. थोडी सवय होती. आता सोडली."
किती सहज निघालं तोंडातून! काका तर एकदम जवळ सरकले. "सुटते जी, सुटते. आमच्या साळ्याची बी सुटली." दारुड्याबद्दल लोकांना एवढी माया असते हे माहीत नव्हतं.
लग्न ठरलं, फेब्रुवारीत. व. माझ्याकडे न बघता पाहुण्यांना सुपारी देत होता. परतताना कु. बसमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

१ डिसेंबर
व. आला. शब्दाला जागला, म्हणून बरं वाटलं. मला लॅबच्या बाहेरच थांबवलं. "तू संग नको येऊ, कोणी पाहीन." पाच मिनिटांत बाहेर आला, दंडावर कापसाचा बोळा. सरळ बसस्टँडवर. घरी जेवायलाही आला नाही.

८ डिसें.
रिपोर्ट आणायला गेलो. वसंताच्या नावाचं पाकीट नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एक तारखेचं हे तुमचंच आहे ना, सर?"
नाव माझं. पत्ताही माझाच. पठ्ठ्याने आत जाऊन माझं नाव सांगितलं! वय बदलायचं मात्र त्याला सुचलं नाही. ४१. मी एकोणपन्नासचा.
पॉझिटिव्ह.
डॉ. म्हणतात, सूज माझ्यापेक्षा कमी आहे. वेळेवर कळलं, दारू आज सुटली तर पुष्कळ वाचेल. आज! धान घरात आलंय, तिकडे रोज बैठक असणार.
आणि हे त्याला दाखवलं तर तो काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय : दादा, हा त तुह्याच नावाचा. तू पेतो ना.
पाहुण्यांसमोर कबूल केलंय मी.
पाकीट पिशवीत ठेवलं. ४१ खाली लाल पेन्सिलीने रेघ मारली, दोनदा. उद्या रजा टाकून सकाळची रामटेक बस.