वस्ताद, कॉलेजात पाठ टेकली

मुक्काम हैदराबादच्या बाहेर, स्टुडिओतली आठ नंबरची खोली
मंगळवार, नाष्टा झाल्यावर

उचगावच्या तालमीचे वस्ताद बाळासो यांच्या पायांवर जोतीरामचं डोकं. पाय मातीनं भरलेले असतील तर जास्त बरं, इकडं माती बघायला मिळत न्हाय.

तुमचा खोकला कसा हाय? मी तालमीत होतो तवा खोकला तुमच्या आधी यायचा आणि तुम्ही मागनं. पहाटे गल्लीच्या तोंडाला तो ऐकू आला की आम्ही पोरं गप्पा टाकून जोर मारायला लागायचो, आणि तुम्ही दारात आल्यावर असं हाशहुश करायचो जसं काय दोनशे झालेत. इथं पाखरांनी जाग येती. त्यांची भीती वाटत न्हाय, म्हणून उठायला उशीर होतो. काढा घेत जा, पण घेतल्यावर लगेच गार पाणी पिऊ नका. तानाबाई काकींना नमस्कार. चंद्री म्हैस व्याली का, रेडा झाला का रेडी, हे तुमच्या क्रांतीनं कळवावं. (क्रांती, पत्र तूच वाचत असणार. चंद्रीनं वस्तादांच्या चष्म्यावर पाय दिल्याची बातमी इथवर आलीया. मोठ्यानं वाच, पण गल्लीला ऐकू जाईल एवढं नको. मधेमधे हसू नको. तू कॉलेजात जातीस म्हणून आठवीतनं सुटलेल्या माणसाच्या चुका काढत बसू नको.) माझी तब्येत उत्तम. जेवण भरपूर असतं, फक्त प्रत्येक भाजीत चिंच, आणि चिंचंच्या आमटीतबी चिंच.

पत्राला कारण हाय, आणि ते पोटात ठेवून आता झोप लागत न्हाय. परवा आपल्या तालमीतल्या पृथ्वीराजचा फोन आला. म्हणाला, “जोत्या, पुढच्या रविवारी तुझा भाग लागतोय, सगळं ठरलंय. गणपती मंडळाचा प्रोजेक्टर आणायचा, तालमीच्या भिंतीला काकींची पांढरी चादर बांधायची, वस्ताद पुढं खुर्चीत.” वर चौकात डिजिटल फलक लागलाय म्हणं, ‘उचगावचा सुपरहिरो’, मधी माझा फोटो आणि भोवतीनं शुभेच्छुकांची तेवीस डोकी. (त्यातली चार मी उभ्या जन्मात बघितली न्हाईत.) वस्ताद, मी सुपरहिरो न्हाय. मी गुंड नंबर तीन हाय. आणि रविवारच्या भागात माझी पाठ टेकती. अर्धीमुर्धी न्हाय, दोन्ही खांदे. एका पोरीच्या एका बोटानं. गेल्या जत्रंत पृथ्वीराज चितपट झाला तवा तुम्ही त्याच्याशी दीड महिना बोलला न्हवता, आणि दीड महिन्यानं बोलला ते “झाडू घे” एवढंच. त्याला पाडणारा निदान पैलवान होता. माझ्या वाट्याला किती महिने येतील ह्याचा हिशेब लागंना. म्हणून चादरीवर बघायच्या आधी माझ्याकडनं ऐका, आणि मग काय ते ठरवा.

तुम्हाला ठाऊकच हाय, माझ्या पायाला भिंगरी. शिरोलीच्या फौंड्रीत दोन वर्षं साच्यात काळी वाळू ठोकली, तवा वाटायचं माती काय सुटली न्हाय, नुसता रंग बदलला. मग टेम्पोवर गेलो, मग मलकापूरच्या एका ढाब्यावर, आणि तिथं एकजण भेटला जो शूटिंगला पैलवान अंगाची पोरं गोळा करत होता. तसा हिकडं आलो. मालिकेचं नाव ‘महाबली कॉलेज’. अंगात शक्ती असलेली पाच पोरं कॉलेजात शिकतात आणि मधल्या सुट्टीत जग वाचवतात, अशी गोष्ट. आठवीतनं सरळ कॉलेजात गेलेला उचगावातला मी पहिलाच. आता कॉलेज म्हंजे कसं, पुढनं कॉलेज, मागनं बांबू. मारामारी नसती त्या दिवशी मला मागच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसवतात. ग्रंथालयात पुस्तकंच पुस्तकं. एकदा जेवणाच्या सुट्टीत वाटलं, कोण बघत न्हाय, एखादं उघडून बघू. एक ओढलं तर चौदा आली. एकाला एक चिकटलेली, थर्माकोलची. घाईनं परत ठेवली ती उलटी बसली. तो भाग लागला तवा हिरो रडतोय आणि त्याच्या मागं चौदा पुस्तकं डोक्यावर उभी. शिक्षणाच्या क्षेत्रातली माझी ही पहिली कामगिरी.

पाच पोरांतला एकजण भिंतीतनं आरपार जातो. (भिंतीला भोक असतं, वर कागद. एकदा भोक डावीकडं ठेवलं आणि हा उजवीकडनं गेला. तीन दिवस नाकाला पट्टी.) दुसरा वेळ थांबवतो. म्हंजे त्यानं टाळी वाजवली की बाकी सगळ्यांनी पुतळ्यागत उभं ऱ्हायचं. मला नेमकी तवाच शिंक आली. डायरेक्टर ओरडला, “टाइम रुका हुआ है, छींक कैसे आयी?” मी म्हटलं, साहेब, शिंक काय वेळ बघून येती व्हय? तवापास्नं वेळ थांबायची असली की मला चहाला पाठवतात. पण अकरा महिन्यांत ह्या पाचांतल्या एकालाबी तासाला बसून वहीत चार ओळी लिहिताना बघितलं न्हाय. हिकडं आमची क्रांती सकाळच्या केएमटी बसमधी एका पायावर उभी राहून कॉलेजला जाती, दुसरा पाय ठेवायला जागा मिळती ती उतरताना, आणि संध्याकाळी येऊन चंद्रीची धार काढती. तिच्यावर कोण मालिका काढत न्हाय. (हे तुला खूश करायला लिहिलेलं न्हाय, क्रांती. थोडं हाय.)

आता मूळ मुद्दा. सीन गॅदरिंगचा. आम्ही सहा गुंड स्टेजवर चढतो, आणि पाचांतली जी पोरगी बोटानं माणसं उडवती ती, म्हंजे अनुजा, माझ्या छातीला बोट लावती. माझ्या कमरंला दोरी, दोरी वर कप्पीला, कप्पीमागं चार माणसं. फाइट मास्टरनं खूण केली की चौघांनी ओढायचं, मी बारा फूट मागं उडायचं, गादीवर पाठीवर पडायचं आणि मरायचं. बालवाडीतल्या पोराला जमंल असं काम. पहिल्यांदा उडालो आणि हवेतच अंग वळलं, पालथा पडलो. दुसऱ्यांदा कुशीवर. तिसऱ्यांदा पाठीवर पडलो खरा, पण मान रोवून अशी कमान केली की खांदे गादीपासनं चार बोटं वर, आणि तसाच मेलो. डायरेक्टर म्हणाला, “मरा हुआ आदमी पुल बनायेगा क्या?” मी मुद्दाम करत न्हवतो, वस्ताद. दहा वर्षं तुम्ही ओल्या टॉवेलचे फटके मारून एकच शिकवलं, ‘टेकली की संपली’. ते माझ्या डोक्याला सांगितलं असतं तर मी कधीच विसरलो असतो, डोक्यात माझ्या काय ऱ्हात न्हाय. तुम्ही पाठीला सांगितलं. आता पाठ ऐकंना.

असं तेरा वेळा झालं. दोरीवाल्या चौघांचे हात सोलले, ते माझ्याकडं बघून तेलुगूत काय बोलत होते ते कळत न्हवतं हे बरंच झालं. चौदाव्यांदा जे झालं ते सांगायला लाज वाटती. अनुजानं बोट पुढं केलं, तिचं मनगट माझ्या हाताला लागलं, आणि हातानं मला न विचारता ढाकेचा डाव मारला. ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन तिचं. सुपरहिरोईन गादीवर उताणी, टोप एकीकडं, ती एकीकडं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मी शड्डू ठोकला. आणि वर गर्दीकडं बघितलं, टाळ्यांसाठी. दोनशे माणसं उभी. टाळी एक न्हाय. मग मला कळलं की मी कुठं हाय.

तिच्या कोपराला खरचटलं, डायरेक्टरनं टोपी आपटली, आणि मला दुपारच्या गाडीनं घरी पाठवा म्हणून फर्मान निघालं. मी दोरी सोडवत बसलो. तवा फाइट मास्टर नागाप्पा शेजारी येऊन बसला. चिकोडीकडचा माणूस, पन्नाशीचा, कान मोडलेले. आतापर्यंत मला वाटायचं कुठंतरी दारात सापडले असतील, ते कुस्तीत मोडलेले निघाले. म्हणाला, “तालीम कुठली रं तुझी? आमच्याकडं गरडी म्हणतात.” मी सांगितलं, उचगाव. “वस्ताद कोण?” तुमचं नाव सांगितलं. त्यानं मानानं कानाची पाळी धरली, वस्ताद, आणि उठून डायरेक्टरला सांगून आला, “एक तास द्या. पोरगं बिघडलेलं न्हाय, घडलेलं हाय, म्हणून वेळ लागतोय.”

त्या तासात अनुजा आली, कोपराला पट्टी लावून. ती इंदूरची मराठी. मला वाटलं आता कानाखाली वाजवती. तर शेजारी बसून म्हणाली, “दादा, माझ्या बोटात काही नाहीये हो. शाळेत मी थाळीफेकीतसुद्धा शेवटची यायचे. जी काही शक्ती आहे ती तुमच्या पाठीत आहे. तुम्ही नीट पडलात तर मी शूर, नाहीतर मी नुसती लोकांना बोट लावत फिरणारी बाई.”

आणि मला एकदम आपल्या तालमीतला मातीचा हौदा दिसला. मी नऊ वर्षांचा, लांग ढिली, नाक वाहतंय. नव्या मातीत ताक, हळद, लिंबू पडलेलं, कापराचा वास सुटलेला, खिडकीतनं गुऱ्हाळाचा गोड धूर आत येतोय. तुम्ही म्हणाला, “ये रं, घे मला.” तुम्ही एकशे दहा किलो. मी तुमच्या एका पायाला मिठी मारली आणि तुम्ही धाडकन पडला. सपशेल. दोन्ही खांदे तांबड्या मातीत. मी तसाच लांगेवर गल्लीभर बोंबलत पळालो, ‘वस्तादांना पाडलं, वस्तादांना पाडलं’, आणि आई धुणं टाकून बाहेर आली. वस्ताद, त्या दिवसापास्नं ह्या स्टुडिओतल्या गादीवर बसेपर्यंत, पंधरा वर्षं, मी खरंच समजत होतो की तुम्हाला मी पाडलं. कुस्ती सोडली, फौंड्रीत गेलो, ढाब्यावर भांडी घासली, पण मनात एक होतं की काय का असंना, वस्तादांना एकदा पाडलंय आपण. (क्रांती, आता हसलीस तरी चालंल.) मग आठवायला लागलं, तुम्ही पृथ्वीराजकडनंबी पडला होता. यशराजकडनंबी. ज्या माणसाची पाठ कुठल्या मैदानात कुणाला टेकवता आली न्हाय, तो रोज सकाळी चार-पाच शेंबड्या पोरांकडनं पडत होता, आणि प्रत्येकाकडनं निराळ्या डावानं. मग उठून माती झटकून आमच्यावरच ओरडायचा, “हसताय काय, जोर मारा!”

पंधराव्यांदा उडालो. अंग वळायला लागलं. मी पाठीला म्हटलं, थांब, वस्तादांनीबी केलंय. दोन्ही खांदे टेकले. वर पत्र्याचं छत होतं, दिवे होते. माझ्या डोक्यापाशी अनुजा उभी होती, आणि खालनं बघताना, खरं सांगतो, ती भलतीच शूर दिसत होती. नागाप्पानं टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

तर हे असं झालं. चादरीवर बघून तुम्हाला राग आला तर दीड महिना काय, दोन महिने बोलू नका, मी झाडू घेईन. पण मी हरलो म्हणून पडलो न्हाय, एवढं पोरांसमोर न्हाय तरी मनात धरावं. काकींच्या हातच्या भाकरीची लई आठवण येती. तालमीच्या उंबऱ्याला माझ्या वतीनं हात लावावा.

तुमच्या टॉवेलचा मार खाल्लेला,
जोतीराम

ता. क. चौकातला फलक उतरवायला सांगा. उतरवत नसतील तर निदान ‘सुपरहिरो’वर चिकटपट्टी मारा. तेवीस डोकी राहू देत, त्यांचा काय गुन्हा.

ता. क. दुसरा. खरं म्हंजे पत्र ह्यासाठीच लिहिलं, पण वर लिहायला हात रेटला न्हाय. पावसाळ्यात इथलं शूटिंग चार महिने बंद असतं. तुम्ही आता हौद्यात उतरत न्हाय, आणि पृथ्वीराज बारक्या पोरांना शिकवताना त्यांनाच उचलून आपटतो, असं त्यानंच मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्या पोरांकडनं पडायला कोणतरी पाहिजे, वस्ताद. ती जागा मला द्या. एका तासात शिकलोय, पण पक्कं शिकलोय. हो असंल तर काय कळवू नका, मी येतो. नको असंल तर क्रांतीला लिहायला सांगा, म्हंजे जरा गोड शब्दांत येईल.

(पाकिटाच्या मागल्या बाजूला)

पाकीट चिकटवल्यावर कळलं म्हणून हे बाहेर लिहितोय. आत्ताच रविवारचा भाग इथं स्टुडिओत आधीच दाखवला, तो बघितला. कॉम्प्युटरवाल्यांनी अनुजाच्या बोटातनं एवढा निळा धूर काढलाय की मी पडलेला दिसतच न्हाय. नुसते दोन तळवे दिसतात, ते कुणाचेबी असू शकतात. म्हंजे मी काय लिहिलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. पाकीट फाडावं असं एकदा वाटलं. न्हाय फाडलं. पोस्टमनमामा, तुम्ही पाकिटांवरचं वाचता हे गावाला ठाऊक हाय. वाचलंत ते वाचलंत, आता गप ऱ्हावा. गावाला रविवारी धूर बघू द्या. वस्तादांना त्याच्या आधी आतलं मिळालं पायजे.