शून्यावर न येणारा काटा

४ जून

चि. बारक्यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. छपन्नाव्या वर्षी चि. म्हटलं म्हणून रागावू नकोस. आपला नंबर आईने ठरवला, मी नाही.

पत्रच लिहितोय, कारण फोनवर तू हो-हो करून ठेवून देतोस. माझ्या कारखान्याला पुढच्या महिन्यात चाळीस वर्षं होतील. भाड्याची शेड आणि एक म्हातारा लेथ, एवढ्यावर सुरुवात केली होती. तुझ्या वहिनीचं म्हणणं, आता तरी स्वतःसाठी एखादी उंची वस्तू घे. म्हणून घड्याळाच्या मोठ्या दुकानात गेलो. माझे बूट पाहून विक्रेत्याने काउंटरवरच्या शेजारच्या मुलीला हळूच सांगितलं, की काका हात लावून जातील. आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटात बेअरिंगची कुरकुर ऐकली, हे ऐकू येणार नाही? मग बूड टेकलं आणि सगळे ट्रे काढायला लावले.

घड्याळ एकच, क्रोनोग्राफ. नेहमीची वेळ दाखवतं आणि बटण दाबलं की सेकंदही मोजतं. रोज चावी द्यायची. रूपं मात्र तीन. एक सोन्याचं. दुसरं स्टीलचं, वर-खाली सफायरची काच. ओरखडा पडत नाही आणि पाठीतून यंत्र दिसतं. तिसरंही स्टीलचं, पण वर प्लास्टिकची काच आणि पाठ बंद. घरात घड्याळजी असताना परक्याला काय विचारायचं? तू सांग, कुठलं घेऊ?

कळावे. तुझा लोभ आजवर कधी मिनिटभरही मागे पडला नाही, तसाच चालू ठेव.

तुझा,
दादा

९ जून

ति. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरूनच, कंबर धरलीय.

वाचून फार बरं वाटलं. सोन्याचं घेऊ नकोस, तुझ्या मनगटावर मागून आणल्यासारखं दिसेल. सफायरवालं डोळे मिटून घे. प्लास्टिकच्या नादी लागू नकोस. महिन्याभरात त्यावर ओरखडे पडतात आणि मग पॉलिशसाठी घड्याळजी शोधत बसावं लागतं.

आणि घरचा घड्याळजी आता राहणार नाही. या महिनाअखेर दुकान बंद करतोय. हात कापतो. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. गेल्या महिन्यात एक स्क्रू बसवताना दोनदा उडाला. तिसऱ्यांदा मी हातच लावला नाही, गिऱ्हाइकाला सांगितलं की पार्ट मिळत नाही. पार्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता, दादा. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो. तीस तारखेला शेजारचा मोबाइलवाला टेबल उचलायला येतोय. ठरलंय ते ठरलंय, त्यात तू पडू नकोस.

वहिनींना नमस्कार. लोभाला रोज चावी लागत नाही, हे बरं आहे.

तुझा,
बारक्या

१४ जून

चि. बारक्यास,

आशीर्वाद, आणि एक कान उपटायचा हक्क राखून.

हिवाळ्यात तुझ्या दुकानात बसलो होतो, तेव्हाच तुझा चिमटा ट्रेच्या काठावर टकटक वाजताना ऐकला होता. वाटलं, आज ना उद्या सांगशील. तू तोंडातून चकार शब्द काढेनास, म्हणून घड्याळाचा विषय काढला. आता बोललास!

घड्याळ घेतलं. तिसरं, प्लास्टिकचं. विक्रेता अर्धा तास समजावत होता, की शहाणा माणूस सफायर घेतो. मी म्हटलं, जिला ओरखडाच पडत नाही तिला माणूस लागत नाही, आणि मला माणूस लागणारी वस्तू हवी. काउंटरवरची ती मुलगी हसली, तेही ऐकलं.

पण पहिल्याच दिवशी ते घालून लेथवर उभा राहिलो आणि काम धरणाऱ्या फिरत्या चकवर आदळलं. काचेवर ओरखडा आलाय. शिवाय सेकंद मोजणारा लांब काटा बटण दाबल्यावर शून्यावर येत नाही, दोन घरं पुढेच थांबतो. फोरमन तुझ्याकडच्या बाजूला चाललाय, त्याच्या हाती घड्याळ पाठवलंय.

सोबतच्या पेटीत पितळेचा टेकू आहे, मी स्वतः घडवलाय. लेथवर हत्यार फार बाहेर काढून धरलं की थरथरतं. म्हणून कोणी लेथ भंगारात घालत नाही. हत्यार आत घेतात, खाली आधार देतात. तू जन्मभर कोपर अधांतरी ठेवून काम करत आलास. टेकू टेबलाला आवळ, मनगट त्यावर ठेव, बोटांची टोकं तेवढी पुढे राहू देत. तीस तारखेला मोबाइलवाला येण्याआधी एवढं करून बघ.

लोभ आहेच. तुझा हट्टही आहे. बघू कोण टिकतं.

तुझा,
दादा

१९ जून

ति. दादास,

शि. सा. न., पण रागाने.

मला काय दुधखुळा समजलास? फिरत्या चकचा ओरखडा वाकडा जातो. हा पट्टी लावून मारल्यासारखा सरळ आहे. कामगारांना लेथजवळ अंगठीसुद्धा काढायला लावणारा तू, हातात घड्याळ घालून उभा राहशील? तू ते मुद्दाम आपटलंस. वहिनींना फोन केला, तर त्या उत्तर न देता हसतच सुटल्या. मिळालं उत्तर.

मी ते उघडणार नाही. चाळीस वर्षांच्या कष्टांची वस्तू आहे. आत चिमटा निसटला तर तुला तोंड कसं दाखवू? फोरमन परतताना घेऊन येईल.

लोभ असू दे, घड्याळ नेऊ दे.

तुझा,
बारक्या

२१ जून

चि. बारक्यास,

आशीर्वाद.

होय, आपटलं. लाकडावर, बेताने. ओरखडाही मीच ओढला, काळजावर दगड ठेवून. फोरमनला फोनवर बजावलंय, की घड्याळ आणलंस तर दार उघडणार नाही.

बिघडलं तर माझं बिघडेल. न उघडता टेबल दिलंस, तर त्या ड्रॉवरमधल्या पार्टचं काय करशील? तो तुला झोपू देणार नाही, मी ओळखतो तुला.

एकच कर. घड्याळ उघडू नकोस, नुसतं समोर ठेव. मनगट टेकूवर, चिमट्याचं टोक पांढऱ्या कागदावर धर आणि बटण दाब. टोक किती सेकंद हलत नाही, ते मोज. काटा दोन घरं पुढून निघतो, तेवढे वजा कर.

लोभातून मात्र काही वजा करू नकोस.

तुझा,
दादा

३० जून

ति. दादास,

शि. सा. न. वि. वि.

दोन वजा करून सांगतो. टेकूशिवाय एक सेकंदही नाही. टेकूवर पहिल्या दिवशी चार. मग टेकू बोटभर पुढे सरकवला, दुसऱ्या दिवशी सात. तू कितीही शहाणा असलास तरी उंची चुकवली होतीस. खाली पुठ्ठा घातला, तेव्हा चौथ्या दिवशी अकरा झाले. एक स्क्रू बसवायला मला आठ लागतात.

काल सकाळी तुझं घड्याळ उघडलं. एक स्क्रू बसला की हात उचलायचा, दम घ्यायचा, मग पुढचा. पूर्वी तासाचं काम होतं, काल सकाळ गेली. एकही उडाला नाही. काटा आता शून्यावर येतो. ओरखडा मात्र ठेवलाय. मुद्दाम पाडलेला मी पुसत नसतो.

मोबाइलवाला आज आला होता. टेबल विकायचं नाही म्हटल्यावर तोंड फुगवून गेला. आणि त्या गिऱ्हाइकाला निरोप धाडलाय, की घड्याळ घेऊन या, पार्ट तेव्हाही होता, हात नव्हता. उद्या सकाळी येतो म्हणालाय. त्यात तीन स्क्रू आहेत.

वहिनींना नमस्कार. कळावे. बाकी तुझा लोभ मोजायच्या फंदात मी पडत नाही, माझ्याकडे अकराच सेकंद आहेत.

तुझा,
बारक्या