दोन थापा

३० ऑगस्ट
अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये राहिलो! दुसरा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा. पहिला डेल्बर्ट, त्याच्या पाठोपाठ मीच. वर्षअखेर ती जागा माझी. संकल्प : रोज पहाटे पळणे. बिअर बंद. डेल्बर्टच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल वाईट न चिंतणे.
नेब्रास्काला बायकोला, मार्लिसला फोन केला, बाडबिस्तरा घेऊन टोलीडोला ये म्हटलं. म्हणाली, थापा मारत नाहीस ना? बाळ होईपर्यंत तरी टिकशील ना तिथे? पोटुशा बायका उगाच घाबरतात. बाळाचा जन्म पगारदार बापाच्या घरी होणार. लिहून ठेवतो.

८ सप्टेंबर
माझं काम कळलं. रविवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या क्वार्टरबॅकची सरावात हुबेहूब नक्कल करायची. आपल्या बचावाच्या गड्यांना त्याची सवय व्हावी म्हणून. तात्पुरतं आहे. पण कोच ग्रूबर म्हणाले, शाब्बास नेब्रास्का, अगदी त्याच्याइतकंच भिकार फेकलंस! साहेबांची पहिली शाब्बासकी. नजरेत भरलोय.

१९ सप्टेंबर
मार्लिस आली. फक्त पातेली बाहेर काढली. बाकी खोकी दाराशी तशीच. उघड की, म्हटलं. म्हणाली, पाठ दुखतेय.
पळणे पुढच्या सोमवारपासून.

५ ऑक्टोबर
या आठवड्यात मी विकर्स, रविवारच्या प्रतिस्पर्ध्यांचा क्वार्टरबॅक. त्याच्या सामन्यांच्या फिल्म बघून डोळे गेले, पण सापडलं! लांब पास फेकण्याआधी विकर्स डाव्या तळव्याने चेंडूला दोन थापा मारतो. प्रत्येक वेळी. त्याच्या आईलाही ठाऊक नसेल.
सरावभर तेच केलं. थाप, थाप, फेक. आमचा बचावातला आडदांड रूझवेल्ट म्हणाला, लेका, तू तर विकर्सपेक्षा विकर्स आहेस! रात्री जेवताना मार्लिस म्हणाली, पावाला का मारतोयस? कामात असं बुडून जावं लागतं. तिला काय कळणार.

९ ऑक्टोबर, रविवार
जिंकलो. विकर्सचे पाच पास आमच्या पोरांनी हिसकावले. थापा दिसल्या की धाव. शेवटी तो बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. वाईट वाटलं. थोडं.
रूझवेल्टने सामन्याचा चेंडू मला दिला, सगळ्यांच्या सह्यांसकट. टीव्हीवर ठेवला. मार्लिस म्हणाली, छान आहे, पण तू खेळलास कधी? या बाईला खेळच कळत नाही.

१४ ऑक्टोबर
विकर्सला त्याच्या टीमने काढलं. धंदाच असा. ज्याच्यात खोट, तो जाणार.

३० ऑक्टोबर, रविवार
डेल्बर्टचा गुडघा गेला. मी वाईट चिंतलं नव्हतं. फारसं.
कोच म्हणाले, जा, आज तू तुझ्यासारखा खेळ. ही सूचना मला कधीच मिळाली नव्हती, त्यामुळे जरा गोंधळलो. तरी छोटे पास बरे गेले. शेवटी आघाडी आमची होती आणि आमचा गडी लांब एकटा मोकळा दिसला. चेंडू उचलला. तेवढ्यात समोरचा एक जण ओरडला, विकर्स! विकर्स! मी म्हटलं, तो इथे कुठे? पास त्यांच्या हातात गेला. त्यांचा गडी पार टोकापर्यंत पळाला. हरलो.
उन्हाचा दोष. सूर्य डोळ्यांत होता.

३१ ऑक्टोबर
फिल्म पाहिली. ऊन माझ्या पाठीमागे होतं. आणि माझा डावा तळवा. दोनदा.
त्या पाच पासांपासून विकर्सच्या थापांची फिल्म म्हणे सगळ्या टीमांकडे आहे. रूझवेल्ट म्हणाला, अरे, रविवारी तरी विकर्सला घरी ठेवायचास.

१ नोव्हेंबर
पहाटे पळालो! परतताना मैदानाच्या पार्किंगमध्ये विकर्स दिसला. कुणाला तरी भेटायला आला असेल.
कोचचा निरोप आला, डावांचं प्लेबुक घेऊन ये. निरोप ऐकून रूझवेल्टने मान खाली घातली. मला वाटलं, नवे डाव शिकवणार. ग्रूबरनी प्लेबुक काढून घेतलं. म्हणाले, तुझ्या जागी विकर्सला घेतोय. तू आठवडाभर त्याचा खेळ दाखवलास ना, तेव्हाच मनात भरला होता. एक खोड सोडली तर माणूस चांगला आहे. जाण्याआधी तेवढी मोडून दे. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?
थांबलो. दुपारभर विकर्सला शिकवलं. भला माणूस. विचारत होता, एवढं बारीक तुला दिसलं तरी कसं रे? सहज, म्हटलं. मग गाडीत बसून खूप रडलो.
मार्लिसने एक खोका पुढे ओढला. पातेली तेवढी भरायची होती.

२१ नोव्हेंबर, नेब्रास्का
तात्पुरतं सासऱ्यांच्या पशुखाद्याच्या दुकानात आहे. काल टीव्हीवर विकर्स जिंकला. निवेदक म्हणत होता, हात बघा, किती शांत! सासऱ्यांना सांगितलं, ते मीच शिकवलं. ते म्हणाले, बरं केलंत, आता ही पोती ट्रकवर टाका.
पहिलंच पोतं उचललं आणि टाकलं. सासरे म्हणाले, जावईबापू, पोत्याला थोपटताय कशाला, ते झोपलेलंच आहे.
मी थोपटलं नव्हतं. मार्लिस पोटावर हात ठेवून दारात उभी होती. तिला म्हटलं, तूच सांग, थोपटलं का मी?
म्हणाली, दोनदा.