डावीकडे फिरणारं इंजिन

प्रिय मेहुणेबुवा सेप्टिमस यांस,

ऑस्वल्डचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वाफ्यातल्या लीकच्या कांद्यांना यंदा कीड नाही ना लागली? इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसं काहीही नाही.

परसातल्या शेडमध्ये मी गेले तीन हिवाळे गरम हवेचं छोटं इंजिन बनवतोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (छोटं म्हणजे चहाच्या किटलीएवढं. खेळणं नव्हे. मागच्या नाताळात तुम्ही खेळणं म्हणालात, ते मी विसरलेलो नाही.) वाफ नाही, पेट्रोल नाही, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, आतली हवा तापते, दट्ट्या हलतो, चाक फिरतं. म्हणजे फिरायला हवं. येत्या शनिवारी आमच्या इंजिन-मॉडेल मंडळाचं प्रदर्शन आहे. लागोपाठ तिसऱ्या वर्षी इंजिन चाललं नाही, तर नियमाप्रमाणे ते कायमचं शोभेच्या टेबलावर जातं, बाटलीतल्या जहाजाशेजारी. मग त्या माणसाला मंडळात कोणी लेथबद्दल विचारत नाही, फक्त बिस्किटं आणायला सांगतात. माझं हे तिसरं वर्ष.

दिवा लावावा, चाकाला बोटाने उजवीकडे टिचकी मारावी (आमच्यात सगळे उजवीकडेच मारतात, घड्याळासारखं), की कार्टं जेमतेम गिरकी घेऊन रुसून बसायचं. आमच्या मंडळातला कथबर्ट आला, माझा चहा प्यायला, "घर्षण रे ऑस्वल्ड, घर्षण!" म्हणाला आणि गेला. मी दट्ट्या घासला. तो इतका सैल झाला की हवाच गळायला लागली. नवा केला. एक म्हणाला तेल घाल, दुसरा म्हणाला आधी ते तेल पूस. चाक रंगवून विनीच्या ओव्हनमध्ये वाळवलं, तर रविवारच्या यॉर्कशायर पुडिंगला रंगाचा वास आला. त्यावर घरात जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. विनीने, तुमच्या बहिणीने, सांगितलंच असेल.

मंगळवारी मात्र कहर झाला. इंजिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खाली दिवा पेटलेला, आणि मी पान्हा आणायला शेडमध्ये गेलो. विनी टेबलावरचा पावाचा चुरा पुसत होती. फडका चाकाला लागला, तोही नेमका उलट्या बाजूने. आणि ते चाललं हो! डावीकडे, भिरभिर! मी आत येतो तो ही टाळ्या वाजवतेय. "ऑस्वल्ड, अरे चाललं बघ!" आता सांगा, जाणत्या माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "उलटं फिरवलंस!" आतल्या दांड्या मी बसवताना विरुद्ध बाजूला बसवल्या होत्या, हे मग लक्षात आलं. (इंजिनाचा आराखडा फार पुसट छापलाय.) पण उलटं ते उलटंच, हे कोणीतरी सांगायला नको? तर ही म्हणते, "तीन हिवाळे या टेबलाशी मी एकटी जेवतेय, आणि तुला एवढंच सुचलं?" हॅट चढवली आणि तुमच्याकडची बस धरली. यात माझं काय चुकलं, ते कृपया कळवावं.

तूर्त एवढंच. राग तुमच्यावर नाही, तुमच्या घराण्यावर आहे.

आपला,
ऑस्वल्ड

ता.क. शनिवारी सकाळच्या बसने विनीला पाठवा. डावीकडची टिचकी तिलाच जमते, माझं बोट तिकडे वळत नाही. कथबर्टसमोर शोभा नको, म्हणून सांगतोय. दुसरं काही कारण नाही.

आणखी ता.क. पाकीट चिकटवण्याआधी डावीकडे टिचकी मारून पाहिली. चाललं. अजून चालतंय. घरात दुसरा आवाजच नाही, त्यामुळे फार मोठ्याने चालतंय. हे तिला सांगू नका. आणि शनिवारपर्यंत थांबू नका, उद्याच पाठवा.