खांदा बदल

फुकट नाही म्हणतेय मी! फुकट हा शब्द तू काढलास आणि वर चिडून बाईक घेऊन निघून पण गेलास. प्रिय दर्शन. हे आधी लिहायचं असतं, माहितीये. अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. सकाळी बोटं अशीच असतात माझी.

विवळवेढ्याला, देवळाच्या पायऱ्यांवर तू लग्नाचं विचारलंस आणि मी नाही म्हटलं. तू कारण मागितलंस, तर मी सुरू झाले विम्यावर. सगळ्या देशाचा एकच आरोग्य विमा हवा, ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्याने भरावं, आणि दवाखान्याच्या दारात कोणाला काही विचारू नये. तू म्हणालास, "टॅक्स मी भरायचा आणि ऑपरेशन दुसऱ्याचं फुकट? कथा लिहून लिहून येडी झालीयस तू." तुला वाटलं मी विषय टाळतेय. तोच विषय होता रे.

मी उधव्याच्या बाजूला एका पाड्यावर गोष्टी ऐकायला जायचे, आठवतंय? तिथली रूपीताई चिकू काढताना झाडावरून पडली, पाय मोडला, तेव्हा मी तिथेच होते. पाड्यापर्यंत गाडी जात नाही. चादरीची झोळी केली, बांबूला बांधली. तिथे रीत अशी, की प्रत्येक घरातून एक माणूस खांदा द्यायला येतो. आजारी कोण, कोणाच्या घरचं, काही नाही. शेजारी लहान्या म्हणून एक, त्याचं तिच्या घराशी कुंपणावरून वाकडं, बोलणंसुद्धा बंद. तोही आला. तिचा नवरा लडक्या काहीतरी बोलायला गेला, तर हा म्हणतो, "भांडण उद्या. आता खांदा बदल." आणि झोळीतून रूपीताई कण्हत कण्हत, "हळू रे मेल्यांनो, चिकूची पेटी पण एवढी आपटत नाय कोणी!" सगळे हसले. मी पण.

मग रस्ता आला, जीप मिळाली. जवळचं हॉस्पिटल हद्दीपलीकडे गुजरातमधलं, म्हणून तिकडे पळवली. काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी. सरकारी योजनेचं कार्ड कुठल्या राज्याचं, म्हणाली. महाराष्ट्राचं. मग इथे नाही चालणार. जीप परत वळवली. शेवटी इकडेच पाय बसवला, आता लंगडत का होईना चालते ती. पण जीप वळताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं, ते डोक्यातून जात नाही माझ्या. डोंगर उतरेपर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं, दर्शन. डांबरी लागली आणि विचारपूस सुरू झाली.

तू व्यापारी माणूस, तुला तुझ्या भाषेत सांगते. एकटा बागवाला तुमच्या शेडवर माल घेऊन आला की चिकूचा भाव कोण ठरवतं? तुझे पप्पा. सगळे बागवाले मिळून आले की पप्पा आधी चहा मागवतात. आजारी माणूस कायम एकटाच जातो, म्हणून बिल हॉस्पिटलवाल्यांच्या मर्जीचं. सगळ्या देशाच्या वतीने एकच जण पैसे देणार असेल, तर चहा त्यांना मागवावा लागेल. रांग असेल म्हणालास. असेल ना. मी उभी राहते अशा रांगेत. कंटाळा येतो, पंखा चालत नाही, पुढची बाई आपल्या सुनेचं सगळं सांगते. पण परत कोणी पाठवत नाही.

कुठली रांग, ते तू विचारलं नाहीस. मी मुंबईला जाते ती पुस्तकवाल्यांकडे, असं तूच धरून चाललास, आणि मला ते बरं वाटलं. मी रेल्वेच्या दवाखान्यात जाते. सांध्यांचा आजार आहे, इंजेक्शन चुकलं की मूठ वळत नाही. बाबा सिग्नलमधून रिटायर झाले तरी त्यांचं कार्ड चालतं, आणि त्यावर माझं नाव आहे, अविवाहित मुलगी म्हणून. लग्न झालं की नाव कमी. पॉलिसीवाल्यांना विचारून आलेय, होणारा नवरा धंद्यात आहे एवढंच सांगून. कोणी सरळ नाही म्हणालं, कोणी म्हणालं या आजारासाठी आधी तीन वर्षं थांबा. तोवर पेन धरता येईल का, हे त्यांना कुठे विचारू? तू म्हणशील, मी भरीन. भरशील, तेच तर. शेड विकशील आणि मला कळूसुद्धा देणार नाहीस. पण एका खांद्यावर झोळी जात नाही रे. लग्नाला नाही म्हटलं, ते तुला नव्हतं, एवढं सांगायला हे सगळं लिहिलं. पत्र शेडवर तुझ्या वजनकाट्याखाली सरकवून ठेवतेय, पहिली पेटी चढवशील तेव्हा काटा डुगडुगेल. फोन बंद केलाय. आज इंजेक्शनची तारीख आहे, तू हे वाचशील तेव्हा डहाणू मागे पडलेलं असेल.

तुझीच, पण कार्डावर बाबांची,
रुचिता