डाव्या स्पीकरमागची चिठ्ठी

बाबा, जठारपेठेतलं घर रिकामं करतेय. तुमचे ते दोन लाकडी स्पीकर ठेवायचे की भंगारात द्यायचे, यावरून माझी आणि तुमच्या नातीची जुंपली, म्हणून आज दुपारी आम्ही परीक्षाच घेतली. तुमच्याच अॅम्प्लिफायरवर आधी तुमची जोडी, मग तिची नवी, स्वस्तातली, जेमतेम डब्याएवढी. अंतर मोजायला माझी शिलाईची टेप, गाणं तिच्या मोबाईलवरचं, आणि आवाज मोजायला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवलेला माझा मोबाईल. आवाज दोन्हींचा सारखा ठेवायचा, नाहीतर मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटतो, हे तुम्हीच सांगायचात. शेजाऱ्यांना बोलावून अशाच परीक्षा घ्यायचात तुम्ही. मास्तर ना, निकाल लावल्याशिवाय चैन नसे.

अशाच एका रविवारी मी, नववीतली, मध्येच बोलले होते, "बाबा, एकेक लावला त ढोलकी मस्त येते. दोन्ही संग लावले का गायब होते. कावून?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुले कानच नाही. जिले कान नाही तिनं गाण्यात तोंड घालू नये." लोक हसले. तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण जयंतीच्या गायनपार्टीतून माझं नाव तुम्ही स्वतः काढलंत. "तू खुर्च्या मांड," म्हणालात. मी मांडल्या. पुढे कधी गायले नाही, अमरावतीला सासरी गेल्यावर लेकीला झोपवतानासुद्धा नाही. लग्नानंतर माहेरी आले की त्याच स्पीकरवर ढोलकी छान घुमायची, आणि मला वाटायचं, दोष खरंच आपल्या कानात होता.

आज तुमची नात म्हणाली, "हे जुनेच भारी वाजून राहिले व आई!" ते काढून ठेवायला मी डावा स्पीकर फिरवला. मागे वायरीवर तुमची निळी चिकटटेप, नेहमीसारखी टोक दुमडलेली, आणि तिच्यावर डकवलेल्या कागदावर वह्या तपासायच्या लाल शाईनं लिहिलेलं: 'वायर उलट होती. सुलट केली.' एकाच स्पीकरची लाल-काळी वायर उलट जोडली, तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि ढोलकीसारखा जाड आवाज मधल्यामध्ये मरतो. नातीनं हे मोबाईलवर वाचून दाखवलं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं, बाबा. कळलं, तुम्ही दुरुस्त केलंत, आणि चिठ्ठी वायरीला लिहिलीत. मी तर दोन तासांच्या वाटेवर होते, दर दिवाळीला येत होते. दुसऱ्यांच्या पोरांना लाल शाईनं चुका दाखवण्यात तुमची हयात गेली, आणि स्वतःची एक चूक भिंतीकडे तोंड करून ठेवलीत. फार राग येतो. तुम्ही नाही आहात, म्हणून जास्तच येतो.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून त्याच स्पीकरमागे ठेवीन. एक सांगायचं राहिलं. नात दुकानात गेल्यावर मी ती टेप सोडवली, वायर पुन्हा उलट जोडली आणि तेच गाणं लावलं. ढोलकी गेली. मग दार लावून मीच मोठ्यानं गायले, अख्खं गाणं. सूर लागला की नाही, कोणाला विचारू? खरं सांगते, तेव्हाही तुम्हालाच विचारावंसं वाटलं.